वाटेत राहिलेलं ‘नाही’

दाराआडून ऐकलेलं भांडण माणूस विसरत नाही, आणि ते आपल्यावरूनच जुंपलेलं असलं तर मुळीच नाही. भिंगताई लहान होती तेव्हा तिची आई आजीवर कडाडली होती, “तुमच्या एका सांगण्यानं पोरीची नजर गेली! म्हणे उन्हात जाऊ नको, काळवंडशील, घरात पुस्तक घेऊन बस!”

“मी भल्यासाठीच सांगितलं ना?” आजी रडत म्हणाली.

दाराआड उभ्या पोरीला दोघी नुसत्या धुरकट डागांसारख्या दिसत होत्या. शब्द मात्र लख्ख.

पुढे ती पोर डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याला काचा बसवायच्या कामाला लागली. तिच्या स्वतःच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या, म्हणून ती भिंगताई. पोरांना लांबचं दिसेनासं होऊ नये म्हणून काय करावं, ते आयांना मोबाइलवर कळवायचं कामही डॉक्टरीणबाईंनी तिलाच दिलं. पुस्तक हातभर लांब धरा, मोबाइल कमी बघा, असलं काहीबाही.

“मोबाइल बघू नका हे सांगायला मोबाइलच!” डॉक्टरीणबाई हसायच्या.

“काट्यानं काटा काढायचा, बाई,” भिंगताई म्हणायची.

त्या दिवशी तिनं लिहिलं: ‘मुलांना रोज दिवसाउजेडी घराबाहेर खेळवायचं. सूर्याकडे मात्र बघू द्यायचं नाही.’ पाठवलं आणि काचा घासायला बसली.

थोड्या वेळानं कपडे शिवणाऱ्या एका बाईचं उत्तर आलं. ‘ताई, पोर सूर्याकडे बघतच नाही. रडते. धरून बघायला लावू का?’

भिंगताईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं फोन लावला. नुसता वाजत राहिला. आयांना गेलेला निरोप दवाखान्यातल्या साध्या बटणांच्या फोनवरही यायचा, तो डॉक्टरीणबाईंनी उघडून बघितला. निरोप लांबला होता, म्हणून त्याचे दोन तुकडे झाले होते. पहिला ‘बघू द्यायचं’पर्यंत येऊन थांबला होता. दुसऱ्यात एकटं ‘नाही’ होतं, आणि ते कुठं वाटेतच बसलं होतं.

“तुम्ही तिच्याकडे पळा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “बाकीच्या आयांना मी फोन लावते.”

भिंगताई पळत सुटली. चष्मा घामानं नाकावरून घसरतोय. ऊन तर असं, की खाली बघितलं तरी डोळ्यांत खुपावं. तुमच्या एका सांगण्यानं, तुमच्या एका सांगण्यानं, एवढंच कानात. आजीनं निदान एकाच पोरीचं वाटोळं केलं होतं. हिनं किती घरी निरोप धाडला होता!

जिना चढून ती गच्चीवर आली, तर बाई लेकीची हनुवटी धरून तिचं तोंड वर करत होती.

“सोड! सोड तिला!”

“अगं, तूच तर लिहिलंस! मला काय हौस आहे?”

“बघू द्यायचं *नाही*! ते ‘नाही’ राहिलं गं मागं.”

बाई मटकन खालीच बसली. “म्हणजे मी माझ्या हातानं...”

पोरीचे गाल ओले होते. भिंगताईनं तिच्यापुढे बोटं धरली. “किती?”

“दोन,” पोर म्हणाली. “पण मी सूर्य बघितलाच नाही, मावशी. आई वर करायची आणि मी डोळे गच्च मिटायचे.”

“खोटारडी!” आई ओरडली. “बघितलं म्हणालीस ना मघाशी?”

“हनुवटी दुखत होती म्हणून.”

जन्मभर भिंगताईनं ऐकणाऱ्या पोरांचं कौतुक केलं होतं. आज या हट्टी कार्टीच्या पाया पडावंसं वाटलं. तरी तिनं दोघींना दवाखान्यात नेलंच. डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासून ‘ठीक आहे’ म्हणेपर्यंत तिचा जीव टांगणीला होता. बाकीच्या आया फोनवर हसल्या होत्या: सूर्याकडे बघायला आम्हाला काय वेड लागलंय? सगळ्या बोलल्या, एकही सुटली नाही. मग भिंगताईनं नवा निरोप लिहिला, इवलासा: ‘नका. सूर्याकडे बघू नका.’

तयार झालेला चष्मा घरी जाता जाता पोचवायचा, हा तिचा रोजचा शेवटचा फेरा. आज तो घड्याळवाल्या आजोबांचा होता. तिनं पदरानं काचा पुसल्या, चष्मा त्यांच्या कानांवर बसवला आणि रोजच्यासारखी त्यांची मान समोरच्या भिंतीवरच्या पाटीकडे वळवली. “वाचा बघू.”

“इथे... थुंकू...” आजोबा थांबले, दांडी नीट करू लागले.

भिंगताईनं झटकन त्यांच्याकडे बघितलं. “पुढे? पुढे काय आहे?”

“नये! ‘नये’ आहे गं, दिसतंय मला. एवढी घाबरतेस काय?”

“काही नाही,” ती म्हणाली. “परत वाचा एकदा. शेवटापर्यंत.”