गळ्यापर्यंत भरलेली टाकी

टाकी गळ्यापर्यंत भरून घ्यायची खोड मला वडिलांकडून लागली. आम्ही आंदर मावळातले. कान्हे फाट्यावरून आत वळलं की पुढे पंप नाही, एसटीचा भरवसा नाही, आणि गाडी बंद पडली तर ढकलायला नेमका चढच वाट्याला येतो. त्यामुळे आमच्याकडचा माणूस पंपावर टाकी भरल्याचा नळीचा खटका पडला तरी समाधानी होत नाही. तो हँडल धरून गाडी गदागदा हलवतो, आतली हवा बुडबुड करत वर आली की टाकीच्या तोंडाशी आलेला फेस फुंकर मारून बाजूला करतो आणि म्हणतो, "टाका अजून, बसतंय." वडील तसंच करायचे. पुढे मी लोणावळ्याला एका कचेरीत कारकून झालो. जाता-येता रस्त्यात हवे तेवढे पंप लागायला लागले, तरी माझं गाडी हलवणं काही सुटलं नाही.

जुन्या हायवेवरच्या एका पंपावर मी नेहमी थांबायचो. तिथे एक मावशी पेट्रोल भरायच्या. पन्नाशीच्या असतील, साडीवर पंपाचा निळा शर्ट, पायात बूट. गाडी सरळ उभी केल्याशिवाय त्या नळी हातात घ्यायच्या नाहीत. भरताना त्यांचं लक्ष टाकीच्या तोंडाकडे. खटका पडला की त्या थांबायच्या, नळी तशीच आत धरून शेवटचे थेंब निथळू द्यायच्या, मग तिचं तोंड वर करून, खाली फडकं धरून ती बाहेर काढायच्या. मी हँडलला हात घातला की म्हणायच्या, "बास झालं भाऊ. जरा जागा ऱ्हाऊ द्या, उन्हात पेट्रोल वर येतंय."

"मावशी, पेट्रोल तुमच्या घरचं असल्यासारखं करता," मी चिडवायचो.

"माझ्या हातून थेंब सांडत न्हाई," त्या म्हणायच्या. "धा वर्सं झाली. इचारा कुनाला बी."

त्यांचं ते म्हणणं मला थोडं फुशारकीचं वाटायचं. त्यात फुशारकी नव्हती, हे कळायला मला फार किंमत मोजावी लागली असती तर बरं झालं असतं. ती मोजली त्यांनी.

भाचीचं लग्न होतं लोणावळ्याला. आमच्यात लग्नाला पांढरे कपडे. मी नवा पांढरा शर्ट-पँट घातलेला, बायको पांढऱ्या साडीत मागे बसलेली. निघायला उशीर झाला होता आणि उशीर झाला की माझं डोकं ताळ्यावर राहत नाही. पंपावर थांबलो. बायको उतरून बाजूला उभी राहिली. मावशींनी पेट्रोल भरलं, खटका पडला.

"बास झालं भाऊ."

"अजून टाका."

"नगं, वर आलंय बगा."

"माझी गाडी आहे ना? टाका म्हणतो तर."

त्यांनी नाइलाजाने पुन्हा नळी आत घालून हळूच दाबली. आणि मी, सवयीने, त्याच वेळी दोन्ही हातांनी गाडीला हिसका दिला. नळी उसळून बाहेर आली. पेट्रोल टाकीवर, माझ्या पँटवर, त्यांच्या हातावर आणि तोंडावर उडालं. त्यांनी आधी नळी बंद करून जागेवर अडकवली आणि मगच एक डोळा पदराने दाबून त्या नळाकडे पळाल्या. मी काय बघत होतो? पँटवरचा डाग.

मॅनेजर केबिनमधून धावत आला. "सॉरी साहेब, काय झालं?"

त्या क्षणी खरं बोलायला काहीच लागत नव्हतं. माझ्या हातून झालं, एवढंच. पण आजूबाजूला चार गाड्या उभ्या होत्या, लोक बघत होते, आणि मी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बावळटासारखा उभा होतो. मी म्हणालो, "मी बास म्हणत होतो. यांनीच दाबलं."

मावशी डोळा धुऊन परत येत होत्या. त्यांनी ते ऐकलं. मॅनेजरने विचारलं, "मावशी, खटका पडल्यावर परत का सोडलंत?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली वाकून रुमालाने पँट पुसायला लागलो. त्यांनी फडकं घेऊन टाकीवर सांडलेलं पेट्रोल पुसून काढलं.

मॅनेजरने तक्रारवही पुढे केली. तिथेही थांबता आलं असतं. पण वही दिसली की कारकुनाचा हात शिवशिवतो. मी छान वळणदार अक्षरात लिहिलं, 'सदर महिला कर्मचाऱ्याने सूचना देऊनही निष्काळजीपणे...' आणि खाली सही ठोकली.

रस्त्याला लागल्यावर बायको मागून म्हणाली, "त्या बास म्हणत होत्या. मी ऐकलंय."

"वारा आहे, ऐकू येत नाही," मी म्हणालो.

तासाभराने मांडवात सगळ्यांबरोबर हात जोडून उभा होतो. लहानपणापासून पंचशील तोंडपाठ आहे, झोपेतही चुकायचो नाही. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि माझे नुसते ओठ हलले. बायको शेजारी खणखणीत आवाजात म्हणत होती. अंगाला पेट्रोलचा वास येत होता. मला माझी लाज वाटली, आणि ती लाज घेऊनच मी जेवायला बसलो आणि दोनदा जिलबी मागून घेतली.

पुढचे पंधरा-वीस दिवस मी दुसऱ्या पंपावर जात होतो. शेवटी राहवेना म्हणून एका सकाळी गेलो. नळीवर दुसरंच कोणीतरी होतं. मावशी कडेला, हवा भरायच्या जागी, उकिडव्या बसून एका स्कूटरच्या चाकात हवा भरत होत्या. मी गाडी तिथे नेली. चाकाकडे बघतच म्हणालो, "मावशी, त्या दिवशी चूक माझी होती. मी खोटं बोललो."

"म्हाईत हाय की," त्या म्हणाल्या. "नळी माझ्याच हातात व्हती. मला काय सांगताय? तितं केबिनात सांगा."

केबिन वीस पावलांवर होती. काचेतून मॅनेजर दिसत होता, फोनवर बोलत होता. मी घड्याळ पाहिलं. "सांगतो," म्हणालो, "परत येतो तेव्हा सांगतो." त्यांनी व्हॉल्व्हचं टोपण घट्ट बसवलं आणि मान हलवली. संध्याकाळी परतताना मी पंपासमोरून गेलो. गाडी थांबवली नाही.

त्यानंतर मी गेलो तो पावसाळा उलटून गेल्यावर. हवेच्या जागी कोणी नव्हतं. नळीवरच्या मुलीला विचारलं तर म्हणाली, "त्या कवाच सोडून गेल्या. कुटं ते न्हाई म्हाईत." मग मात्र मी केबिनमध्ये शिरलो. मॅनेजर नवीन होता. मी सांगायला लागलो तसा तो गोंधळला. "कोण मावशी? माझ्या आधीचं असेल. काही लिहायचं असेल तर वहीत लिहा."

तीच वही. कोरं पान शोधायच्या ऐवजी मी मागची पानं उलटत गेलो. माझी तक्रार लगेच सापडली, अक्षरच तसं आहे माझं. तिच्याखाली, ओळ सोडून, मोठ्या, वाकड्या, एकेक करून काढलेल्या अक्षरांत लिहिलं होतं, 'माझ्या हातून पेट्रोल सांडले. परत सांडणार नाही.' आणि खाली सही. इतकी वर्षं मावशी मावशी म्हणत होतो. त्यांचं नाव मला त्या सहीत पहिल्यांदा कळलं.

सहीखाली दोन बोटं जागा उरली होती. कचेरीतला एकही शब्द सुचला नाही. मी लिहिलं, 'पेट्रोल मी सांडलं. त्या बास म्हणत होत्या.'

मॅनेजरने वही फिरवून वाचलं. "पण त्या तर आता इथे नाहीत," तो म्हणाला. "मग हे कोणाला दाखवू?"