लाभाचा तिसरा कोर

"पाहा सुकलालदादा, मशीन बंद हाये म्हंजे बंद हाये. म्या काय तुमच्यासाठी बंद केली का?"

"मंग आजच काबरं बंद पडली, बाई? मी शुक्रवारचं वजन पाह्याले आलो, अन् तुही मशीन आजच निळी पडली!"

"तिले काय माहीत तुमी येनार हाये?"

"तिले नसीन माहीत. तुले तं माहीत होतं ना."

हे बोलणं चाललं होतं शाहपूरच्या रस्त्यावर, गिरधरशेठच्या धरमकाट्यावर, सोमवारी सकाळी नऊ वाजता. रस्त्याच्या कडेला जमिनीत बसवलेला लोखंडी पाट, त्यावर ट्रक नाहीतर ट्रॅक्टर चढतो, आणि शेजारच्या दहा बाय दहाच्या खोलीत आकडा उमटतो. भरलेली ट्रॉली तोलायची, केळी उतरली की रिकामी तोलायची, उरतो तो माल. काम एवढंच. पण या एवढ्याशा कामात आख्ख्या तालुक्याचा संशय भरलेला. शेतकऱ्याला वाटतं काटा व्यापाऱ्याचा, व्यापाऱ्याला वाटतं काटेवाली शेतकऱ्यांच्या नात्यातली. आणि काटेवालीला, म्हणजे रंजिताला, दोघांबद्दलही काहीबाही वाटतंच.

रंजिता डोईफोडिया गावची. बाप आठवडी बाजारात तोलारी होता. लोकांचा कापूस, धान्य तोलून द्यायचा. माल टाकण्याआधी रिकामी पारडी सगळ्यांना दाखवायची, ही त्याची शिस्त. एकदा पारड्याच्या बुडाला चिंचेचा गोळा चिकटवलेला त्याला सापडला. तेव्हापासून तो बुडाला हात फिरवल्याशिवाय तोलायचा नाही. सात वर्षांच्या पोरीने ते पाहिलं आणि आयुष्यभरासाठी उचललं. आता वय चौतीस, दोन पोरांची आई, तरी दुधाच्या पिशवीला चारी बाजूंनी दाबून पाहिल्याशिवाय घेत नाही. नवरा दिगंबर टेंपो चालवतो. तो म्हणतो, मी नुसता हसलो तरी ही विचारते कोणाला पाहून हसला.

बारावीनंतर तिने बऱ्हाणपूरला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि लग्नानंतर शाहपूरला येऊन या काट्यावर बसली. नऊ वर्षं झाली. टेबलाच्या खणात तिची एक वही असते. लाईट कधी गेली, कधी आली, मशीनला कोणी हात लावला, कोणतं बटण दाबलं, सगळं तारखेनिशी. रोज संध्याकाळी मशीनची नक्कल एका डबीत, म्हणजे हातात मावणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये, उतरवायची आणि ती डबी जेवणाच्या पिशवीतून घरी न्यायची. "खोलीत ठेवली तं कोनी बी नेईन," म्हणते.

तर भांडण शुक्रवारचं. सुकलालने ट्रॉली भरून केळी आणली. येताना वाटेत दुसऱ्या एका काट्यावर त्याने गुपचूप भरलेली ट्रॉली तोलून घेतली होती. रिकाम्या ट्रॉलीचं वजन त्याला तोंडपाठ. वजाबाकी केली, तर इथला आकडा ऐंशी किलो कमी. पावती व्यापाऱ्याने ठेवून घेतली, ट्रक त्याच रात्री गेला. सुकलालच्या हाती नुसता आकडा. शनिवारी त्याने सगळ्या शाहपूरभर सांगितलं की रंजिताबाई माल खाते. शनिवारी रंजिता इथे नव्हतीच, भाचीच्या बारशाला डोईफोडियाला गेली होती; काट्यावर शेठ स्वतः बसले होते. रविवारी काटा बंद. आणि सोमवारी सुकलाल आपल्या मेहुण्याला, गोटूला, घेऊन दारात हजर. मशीनमध्ये शुक्रवारची नोंद आहे, ट्रॉलीचा फोटोसुद्धा आहे. ती दाखव, नाहीतर चोर म्हणवून घे.

आणि मशीन उघडेना.

पट्टी दोनदा सरकायची, आणि भप्प करून निळा पडदा. वरती पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी. मग आपोआप बंद, आपोआप चालू, परत पट्टी, परत निळं.

गिरधरशेठ खुर्चीत बसून पाहत होते. साठीचा माणूस, कपाळाला गंध, खिशात सुपारी. ते हळूच म्हणाले, "रंजिता, बाकी कायी नही, लोक बोलू राह्यले. बारा वाजेपर्यंत उघड. नही उघडलं तं उद्यापासून गौरवले बसवतो. तू घरी राह्य थोडे दिवस."

गौरव म्हणजे शेठचा पुतण्या. गेल्या वर्षापासून या खुर्चीकडे पाहत होता. रंजिताने त्याचं नाव मनातल्या यादीत घातलं. यादीत आधीच योगेश होता. योगेश बऱ्हाणपूरचा, मशीन त्याने बसवलेली, आणि दर महिन्याला फोन करून नवीन सॉफ्टवेअर घ्या, नवीन घ्या म्हणून मागे लागलेला. मशीन बिघडलं तर फायदा त्याचा.

मशीनची गोष्टही सांगायला पाहिजे. काट्याचं सॉफ्टवेअर इतकं जुनं की जुन्या विंडोजशिवाय चालत नाही. जुना डबा तीन उन्हाळ्यांपूर्वी जळाला. तेव्हा योगेशने नवा कॉम्प्युटर आणला आणि त्याच्या पोटात जुना कॉम्प्युटर बसवला, खोटा-खोटा. त्याला तो व्हर्च्युअल मशीन म्हणतो. आतल्याला किती मेमरी द्यायची, प्रोसेसरचे किती कोर द्यायचे, म्हणजे किती हात कामाला लावायचे, प्रोसेसरच्या खोबणी, म्हणजे सॉकेट, किती, ते सगळं बाहेरच्या खऱ्या कॉम्प्युटरच्या पानावरून ठरवायचं. आतला बिचारा समजतो आपण खरेच आहोत. रंजिता त्याला 'पोटातला' म्हणते.

"लाईटीनं मेलं असीन," शेठ म्हणाले.

"काल दिवसभर फीडरचं काम होतं, लाईट नव्हती, हे खरं. पन लाईट तं याच्याआधी शंभर वेळा गेली. तवा काबरं नही मेलं?"

तिने जेवणाच्या पिशवीतून डबी काढली. गुरुवार संध्याकाळची नक्कल, म्हणजे भांडणाच्याही आधीची; शुक्रवारी बारशाला निघायच्या घाईत घ्यायची राहिली होती. ती पोटातल्याच्या जागी लावली. अर्धा तास गेला. बाहेर रस्त्यावर तीन ट्रक आणि पाच ट्रॅक्टर उभे राहिले. कोणी हॉर्न वाजवला, कोणी शेठच्या आईची आठवण काढली.

पट्टी सरकली. निळा पडदा.

सुकलाल दारातून म्हणाला, "नक्कल बी तशीच निंगाली का? वा रे वा."

पण रंजिता मागे टेकली आणि पहिल्यांदाच पाणी प्यायली. गुरुवारी हीच नक्कल चांगली चालत होती. आज तीही मरते. म्हणजे दोष मालात नाही. माल तोच आहे, पारडं कोणीतरी बदललंय. तिला बापाचा हात दिसला, पारड्याच्या बुडावरून फिरणारा.

तिने बाहेरचं पान उघडलं आणि वही शेजारी ठेवली. एकेक ओळ बोट लावून जुळवायला लागली. मेमरी, तीच. डिस्क, तीच. नेटवर्क, तेच. प्रोसेसर. वहीत तिच्याच अक्षरात: सॉकेट एक, कोर एक. पडद्यावर: सॉकेट एक, कोर तीन.

तिने योगेशला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, कारण एकटीने ऐकलं तर उद्या लोक म्हणतील दोघांचं ठरलेलं होतं.

"योगेश, पोटातल्याचे कोर कोनी बदलले?"

"रुको ताई, लॉग देखता हूं." टकटक ऐकू आली. तो बऱ्हाणपुरात बसून इथलं पान पाहू शकतो, हेही तिला कधी आवडलं नव्हतं. "शनिवारी, चार चाळीसले. एकाचे तीन केले. अन् ताई... आप बुरा मत मानना, तुमच्याच नावानं झालंय. तुमचाच पासवर्ड."

मग सुकलाल म्हणाला, "आता बोल."

"शनवारी मी डोईफोडियाले होती. दीडशे मान्सानं मले पाह्यलं."

"पासवर्ड तं तुह्याजवळ ना?"

शेठने घसा खाकरला. "रंजिता, खरं असीन ते सांग. म्या तुले लेकीसारखं..."

"थांबा शेठ. योगेश, शनवारी बदललं तं शनवारीच काबरं नही मेलं?"

"चालू मशीन में चेंज नहीं लगता ना, ताई. पुरं बंद होऊन परत चालू झालं की लगता है. काल लाईट गेली, आज लागलं."

"अन् तीनानं काय होते?"

"वो जो अंदरवाला है, पुराने जमाने का है. त्याच्या टायमाले एका प्रोसेसरात एक कोर, दोन कोर, चार कोर, असंच. एका सॉकेटात तीन त्यानं कधी पाह्यलेच नही. गिनती बैठती नहीं, तो वो उठता ही नहीं."

रंजिताला पोटातल्याबद्दल पहिल्यांदाच थोडा जिव्हाळा वाटला. न पटलेलं दिसलं की दार उघडायचं नाही, हे तिला कळण्यासारखं होतं.

पण चोर कोण? तिने डोळे मिटून यादी वाचली. योगेश? गेल्या दिवाळीला तो याच खोलीत तिच्या आणि शेठच्या समोर म्हणाला होता, मशीन सुस्त वाटली तर कोर दोन करून टाका, आणि पान उघडून जागाही दाखवली होती. रंजितानेच नको म्हटलं होतं. चालतंय ते चालू द्या. म्हणजे योगेशने केलं असतं तर दोन केलं असतं. गौरव? त्याला हे पान कुठे आहे तेच माहीत नाही. पासवर्ड वहीत, वही खणात, खणाच्या किल्ल्या दोन. एक तिच्या कमरेला.

तिने डोळे उघडले. समोर कोपऱ्यात एक ट्यूबलाईट उभी होती, कागदात गुंडाळलेली, दोन वर्षांपासून. खोलीला दोन लागत होत्या. शेठने तीन आणल्या होत्या.

शेठचं सगळं असंच. त्यांचा बाप केळीचे घड मोजून द्यायचा तेव्हा शंभरावर एक जास्त टाकायचा, 'लाभाचा' म्हणून. बरकत त्याच्यात असते. या भागात जुने व्यापारी असंच करतात. नुसता भरून आलेला आकडा कोणाच्या हाती द्यायचा नाही, वर एक ठेवायचा. शेठ चहा दोन सांगायचा तर तीन सांगतात. दोन अगरबत्त्यांच्या जागी तीन लावतात.

"शेठ," रंजिता अगदी सहज म्हणाली, "समजा हे मशीन सुस्त हाये. पावती उशिरा निंगते. योगेश म्हने कोर दोन द्या. तं तुमी किती द्याल?"

"नुसते दोन कोनी देते का?" शेठ सुपारी कातरता कातरता म्हणाले. "वर एक लाभाचा..."

अडकित्ता हातातच थांबला.

दारातला गोटू आधी हसला, त्याला उशिरा कळतं असं सगळे म्हणतात तरी. फोनमधून योगेशही हसला. सुकलाल मात्र हसला नाही.

"अवं, शनवारी पावती निंगेचना," शेठ म्हणाले. "लोक बोंबलू राह्यले. म्या तुह्या वहीतला पासवर्ड टाकून तीन केलं, कायीच झालं नही. मले वाटलं लागलंच नही. मंग इसरलो."

खरंच विसरले, की लॉग ऐकल्यावरही गप्प बसले, ते त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. रंजिताने दोन क्षण पाहिलं आणि तो संशय जपून ठेवला, पुढे लागेल.

"ह्याले लाभ नही चालत, शेठ." तिने तीनाचा एक केला, पोटातल्याला पुरता बंद केला आणि परत चालू केला.

पट्टी एकदा सरकली. दोनदा. तिसऱ्यांदा. मग जुन्या विंडोजचं हिरवं माळरान आणि निळं आभाळ दिसलं. या निळ्याची भीती नव्हती. गुरुवारची नक्कल काढून तिने मूळ डिस्क लावली, तीही उठली. साडेअकरा झाले होते.

"या दादा. आत या. तुमीच पाहा, मी माऊसले हात बी नही लावत."

सुकलालने आत येऊन खुर्ची ओढली. शुक्रवार, त्याच्या ट्रॉलीचा नंबर. भरलेलं वजन त्या दुसऱ्या काट्यावरच्याइतकंच. दहा किलोचाही फरक नाही. रिकामं वजन नेहमीपेक्षा ऐंशी किलो जास्त. सुकलालने मागच्या दहा खेपा काढायला लावल्या. प्रत्येक वेळी रिकामी ट्रॉली तीच, फक्त शुक्रवारी फुगलेली. शेवटी रंजिताने फोटो उघडला.

रिकामी ट्रॉली पाटावर उभी. तळाला केळीची चार सुकी पानं. त्या पानांवर पाय पसरून, पाठ टेकून, तोंड उघडं टाकून गोटू झोपलेला.

सुकलाल पडद्याजवळ वाकला.

"म्या थकलो होतो, भावजी," गोटू म्हणाला.

"थकला?" सुकलाल फोटोकडे पाहतच म्हणाला. "तुह्या बहिनीनं मले सांगितलं होतं का याचं वजन बी धरा म्हनून?"

"मी ऐंशी नही. पंच्याहत्तर असीन."

"पाच किलो तुह्या चपलांचे."

आता दारातले ड्रायव्हरही हसले. व्यापाऱ्याशी बोलून आकडा नीट करून घ्यायचं शेठने मान्य केलं. सुकलाल उठला. माफी मागायची की नाही ते त्याचं ठरत नव्हतं. दारात थांबून म्हणाला, "पन बाई, मानूस चढलेला दिसला नही का तुले?"

"दादा, मी आकडा पाहते. मान्सं तुमची."

ते बोलताना तिला स्वतःलाच ते पुरतं पटलं नाही. फोटो तिच्याच पडद्यावर आला होता. बापाने पारड्याचं बूड पाहिलं असतं, आणि तिने आकड्यावर विश्वास ठेवला. सुकलालला बहुतेक ते दिसलं. पण तो तसाच गेला, ट्रॅक्टरवर चढला, आणि गोटूला रस्त्याने पायी चालत यायला लावलं.

रंजिताने पासवर्ड बदलला. नवा वहीत लिहिला नाही. वहीत फक्त एवढं लिहिलं: सोमवार, सॉकेट एक, कोर तीनचा एक केला. शनिवारी बदलणारा गिरधरशेठ. मग वही खणात न ठेवता जेवणाच्या पिशवीत घातली. शेठने ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. थोड्या वेळाने चहावाल्याला हाक मारली, "दोन..." आणि जरा थांबून, "तीन आन."

तिने खिडकीची काच सरकवली. चांदनी गावाकडून आलेला ट्रक पाटावर चढत होता, मागे सात गाड्या.

"थोडी पुढं घ्या. अजून. बस!" ती ओरडली. "आता खाली उतरा समदे. डायवर, किलीनर, पाठीमागं झोपलेलं कोनी असीन तो बी. नही, नुसतं सांगून नही चालनार. ताडपत्री उचला. मी येऊन पाहते."

आणि ती खोलीतून बाहेर निघाली.