बाहेरचा बैल

कडा गावाच्या रस्त्यावर त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि पुढ्यात एक कडुलिंब. त्याचं नाव मी कधी विचारलंच नाही. सगळे मिस्तरीच म्हणायचे. ऑइलचे हात तो फडक्याला न पुसता केसांना पुसायचा, म्हणून साठीतही केस काळेकुळकुळीत.

आमची जीप दर पावसाळ्यात शेतातल्या काळ्या चिखलात रुतायची. मागचं एक चाक गरगर फिरायचं, दुसरं ढिम्म. दोन्ही चाकं सोबतच फिरावीत म्हणून डिफरन्शियलला, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरला, कायमचं लॉक बसवून टाका, असं मी त्याला सांगितलं.

त्याने माझा हात धरला आणि लिंबाभोवती चालायला लागला. तो खोडाजवळून सावकाश; बाहेरच्या बाजूने मी धापा टाकत पळतोय.

"खळ्यावरची बैलं बगितलीत का कधी? बाहेरच्याला जास्त चालावं लागतंय. दोघांचे पाय कायमचे बांदले तर वळतील कशी? चाकांचंबी तसंच. बटणाचं लॉक घ्या. रुतली की बांदायचं, निघाली की सोडायचं. सोडायचंच लई जण इसरतेत."

मी बटणाचंच घेतलं. चिखलातून जीप निघाली की हात आजही आपसूक बटणाकडे जातो.

परवा कड्याला गेलो, तर गॅरेज नव्हतं. मिस्तरी कुठे, विचारल्यावर चहावाल्याने नुसतं वर बोट दाखवलं. लिंब तेवढा होता. चहावाला आत वळल्यावर मी लिंबाला एक फेरी मारली. खोडाजवळची जागा मोकळी ठेवून, बाहेरच्या बाजूने, जरा पळतच.