झोपेचं मत

विमानात सामान चढवणारे आमचे वसंतकाका लागोपाठ दोन पाळ्या करून आले आणि विमानतळाच्या कँटीनमध्ये टेबलावर डोकं ठेवून झोपले. समोरच्या चहावर साय धरली होती. शेजारच्या खोलीत, युनियन हवी की नको, याचं मतदान चालू होतं. नियम असा, की जो मत देणार नाही त्याचं मत ‘नको’ धरायचं.

भिंतीवरच्या टीव्हीत, हाच नियम ठेवायचा की काढायचा यावरून विमानतळांच्या निधीचं विधेयक अडलं होतं आणि खासदार तावातावाने सभागृहाबाहेर पडत होते. त्यांच्या गैरहजेरीला निषेध म्हणतात, आमच्या गैरहजेरीला नकार. दमलेल्या माणसाची झोपसुद्धा कुणीतरी आपल्या बाजूने वापरून घेतं, याचा आता संतापही येत नाही. नुसतं अंग जड होतं.

या युनियनसाठी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या होत्या त्या वसंतकाकांनीच. त्यांना उठवायला मी दोनदा हात पुढे केला आणि ते घोरणं ऐकून दोनदा मागे घेतला.

चार वाजता पेटी बंद झाली. काका दचकून उठले.

“झालं मतदान?”

“झालं.”

“अरे, आणि माझं?”

“तुमचंही झालं, काका,” मी म्हणालो. “नको म्हणून.”