शाल नको, फूल द्या

मुरूडच्या एसटी स्टँडवर अम्माने सुक्या जवळ्याचा डबा खिडकीतून माझ्या मांडीवर सरकवला आणि बोट नाचवत बजावलं, "कुणी विचारलं कुठली, तर राजपुरी म्हणायचं. पुढचं त्यांचं त्यांनी बघावं." नसीम, तू तेव्हा चौथीत होतीस. सगळी बस जवळ्याने घमघमणार म्हणून रडता रडता हसत होतीस. आता तू नर्सिंगला पुण्याला निघालीस आणि विचारतेस, आपा, बाहेर फार त्रास होतो का गं? होतो. खोटं कशाला सांगू?

तिकडे खाडीकाठी आपण सिद्दी म्हणजे शेजारीच. आपले पूर्वज आफ्रिकेतून आले हे तिथे कुणाला नवीन नाही. कुरळ्या केसांवरून चिडवणाऱ्यालासुद्धा आपल्या सात पिढ्या ठाऊक. इथे दिल्लीजवळ मानेसरला गाड्यांच्या पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटी तपासायला लागले, तर पहिल्याच दिवशी गेटवरच्या गार्डने पासपोर्ट मागितला. भैया, मैं इंडियन हूँ, हे मी महिनाभर रोज सांगितलं. एका घरमालकिणीने फॉरेनर नको म्हणून खोली नाकारली. शेअर ऑटोत बायका न विचारता केसांना हात लावायच्या. सगळे टक लावून बघायचे आणि दिसत मात्र मी कुणालाच नव्हते. रागाने अंग जळायचं गं.

म्हणून कंपनीच्या बसमध्ये, इन्स्पेक्शन शीटच्या पाठीमागे कविता लिहायला लागले. आमच्याकडे पास झालेल्या पार्टला हिरवा टॅग लागतो, रिजेक्टला लाल. ज्याचा निर्णय व्हायचाय त्याला पिवळा, तो कोपऱ्यातल्या रॅकवर पडून राहतो. मी लिहिलं:

माझ्या कातडीला पिवळा टॅग लावून
तुम्ही जेवायला गेलात.
जेवण झालं असेल तर या,
मी रॅकवरून उतरलेय.

दिल्लीतल्या एका मराठी मंडळाने ही कविता काव्यवाचनासाठी निवडली. मी ती व्हॉट्सॲपवर पाठवलेली, त्यामुळे मला कुणी पाहिलं नव्हतं. रविवारी दुपारी पोचले, तर एका बाईंनी मला पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या सोफ्यावर बसवलं आणि सावकाश इंग्रजीत पाणी हवं का विचारलं. मी "हो, द्या ना" म्हटलं, तर टाळ्या वाजवल्या त्यांनी. मंडळाची रीत अशी की घरच्या कवींना एकेक गुलाबाचं फूल आणि बाहेरच्या पाहुण्यांना शाल-श्रीफळ. माझी पाळी आली तेव्हा सूत्रसंचालन करणाऱ्या वर्तककाकू कौतुकाने म्हणाल्या की, आफ्रिकेतून आलेल्या या पाहुण्या बघा किती सुंदर मराठी शिकल्यात. आणि शाल घेऊन पुढे आल्या.

काकू मनाने चांगल्या, त्याचाच जास्त राग आला. गार्डशी भांडता तरी येतं. गुपचूप शाल घेतली असती तर सगळे खूश झाले असते आणि मी जन्मभर पाहुणी राहिले असते. मी माइक ओढला.

"काकू, शाल नको, फूल द्या. नारळ तर आमच्या राजपुरीत डोक्यात पडतात."

मग मी अख्खी कविता वाचली, एकही शब्द न गिळता. टाळ्या बेताच्याच पडल्या. मागून कुणीतरी पुटपुटलं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. घेणार. मन माझं आहे. काकूंनी फूल आणून दिलं, पण माझ्याकडे बघवलं नाही त्यांना.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. वाटलं, माफी मागतील. तर म्हणाल्या, "रविवारी कार्यक्रमाच्या दोन तास आधी ये गं, खुर्च्या लावायला माणसं कमी पडतायत." गेले. कंबर मोडेस्तोवर खुर्च्या लावल्या आणि फोनवर अम्माला सांगताना ढसाढसा रडले.

तर नसीम, राजपुरी हे घर आहेच. पण जिथे सोफ्यावरून उठवून आपल्याला कामाला जुंपतात, तेही घरच, आणि ते मागून, भांडून घ्यावं लागतं. परवा गेटवर नवा गार्ड आला. मॅडम, पासपोर्ट? मी समजावत बसले नाही. राजपुरी म्हटलं आणि आत गेले. पुढचं त्याचं त्याने बघावं.