टोपी डोक्यावर होती

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, संघातल्या कुणालाच नाही. तुम्हाला सांगतेय — का, ते माझं मलाही नीट कळत नाही.

मी याद्या करणारी बाई आहे. दर रविवारी कॉलनीतल्या मुलींना फुटबॉल शिकवते. मॅचच्या दिवशी माझ्या पिशवीत पाणी, मीठ लावलेली लिंबं, जादा लेस, बँडेज, सगळं असतं. विसरायची सवय नाही मला. तरीही त्या एका मॅचची सकाळ झोपेत पाहिल्यासारखी आठवते. पांढरंफटक ग्राउंड. उन्हात गोलपोस्ट पाण्यात उभा असल्यासारखा हलत होता. मुली धावत होत्या, पण त्यांच्या पावलांचा आवाज सावकाश, मागाहून येत होता.

आम्ही एका गोलने पुढे होतो.

इथे एक सांगायला हवं — मी मुलींना पडायला शिकवलं होतं. सरावात, हसतखेळत. नवी पेठेतून घेतलेली माझी लाल टोपी मी काढली, की सारिकाने पाय धरून खाली बसायचं. वेळ जातो, बाकीच्यांना दम खाता येतो. सगळेच करतात, असं मी म्हणायचे. सारिका पाचवीत होती. वडील माळशिरसकडे मेंढरं राखायचे, ती शिकायला इथे आत्याकडे. पडणं तिला फार छान जमायचं.

मी टोपी काढली. ती पडली. समोरच्या मुली ओरडल्या, "ए नाटकी, सिनेमात जा की!" उठताना सारिका माझ्याकडे बघून हसली. मीही हसले, टोपी परत घातली.

थोड्या वेळाने ती पुन्हा पडली. धावता धावता पाय खड्ड्यात गेला होता. तिने मान वर करून आधी माझ्या डोक्याकडे पाहिलं. टोपी होती. मी काढलेलीच नव्हती. मग ती का पडली असेल — हे कळायला कितीसा वेळ लागतो?

मला लगेच कळलं.

कळलं, आणि त्याच क्षणी हेही आठवलं, की तिच्या जागी उतरवायची मुलगी कच्ची आहे. सारिकाने हात वर केला. "मॅडम, खरंच दुखतंय."

"पुरे नाटक! ऊठ!" मी ओरडले.

ती उठली. शेवटच्या शिट्टीपर्यंत धावली, वाऱ्याने कागद ढकलत न्यावा तशी. आम्ही जिंकलो. मुली माझ्या गळ्यात पडल्या. सारिका लांब बसून बूट काढायचा प्रयत्न करत होती. तो निघत नव्हता.

संध्याकाळी दवाखान्यात प्लास्टर घातलं. हाड मोडल्यावर धावायला नको होतं, डॉक्टर म्हणाले. वडील मिळेल त्या एसटीने आले.

"अगं येडे, मेंढरू लंगडलं तरी आरडतंय की! तुला त्वांड न्हाय व्हय?" मग माझ्याकडे वळून, अगदी हळू — "मॅडम, हिनं तुमाला सांगितलं न्हाय का?"

"नाही हो," मी म्हणाले. "काहीच बोलली नाही ती."

वर पंखा फिरत होता. सारिका माझ्याकडे पाहत होती. किती वेळ? मला तो फार मोठा वाटतो, पण नसेल. ती आता सांगेल, असं वाटलं. सांगायलाच हवं होतं तिने. नाही का?

"व्हय आबा," ती म्हणाली. "मी काय बोलले न्हाय."

वडिलांनी हात जोडले. "पोरगी लई मुकी हाय, मॅडम. माफ करा." माझी माफी मागितली त्यांनी. मी ती घेतली — मान हलवून, समजूतदारपणे.

लाज नंतर आली, घरी, भांडी आवरताना. पण त्या खोलीत, ती मुलगी माझ्यासाठी खोटं बोलली तेव्हा, मला लाज वाटली नव्हती.

मला बरं वाटलं होतं.