प्राणिशास्त्राच्या लॅबमधली पाठराखीण

सत्यशीलाताईंबद्दल कोणी वाकडं बोललं की माझं डोकं सणकतं. आता म्हणाल, त्यांच्याशी सगळ्यात जास्त भांडला कोण? तर मीच. यवतमाळच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये परिचर. काचेच्या नळ्या धुवायच्या, बरण्या पुसायच्या, प्रॅक्टिकलचं सामान मांडायचं. मी ऑफिसातला बडा बाबू. त्यांनी मागणीपत्र आणलं की मी काहीतरी चूक काढून परत धाडायचो, आणि तोच कागद तसाच्या तसा दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर हजर. वीस वर्षं हेच चाललं. त्यांचा आवाज म्हणून कधी चढला नाही. सगळा तमाशा माझाच.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. राजदीप नावाचा पांढरकवड्याकडचा मुलगा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. त्याला मुलगे आवडतात हे होस्टेलच्या पोट्ट्यांना कुठूनसं कळलं, आणि त्या दिवसापासून त्याच्या खोलीच्या दारावर रोज काहीतरी घाण खरडलेलं. त्याच्या वर्गातली दीपमाला तेवढी त्याच्याशी बोलायची. दोघांनी मिळून अर्ज आणला. अशा मुलामुलींचं आणि त्यांच्या बाजूनं उभं राहणाऱ्यांचं एक मंडळ कॉलेजात काढायचं होतं. शनिवारी तासभर बसायला एक खोली पाहिजे, बस. राजदीपनं मला सरळच सांगितलं, "बाबू, हे झालं त राहतो. नाही त मी कॉलेज सोडून राह्यलो."

अर्जावर जबाबदार म्हणून एका कायम कर्मचाऱ्याची सही लागते. पोरं अकरा प्राध्यापकांकडे जाऊन आली होती. कोणाला निवडणुकीची ड्युटी, कोणाच्या मुलीचं लग्न जमत होतं, एकांनी तर विषय फार चांगला आहे म्हणून चहा पाजून वाटेला लावलं. आणि मी? मीही कायमच आहे ना. पण मी ठोकून दिलं, "सही प्राध्यापकाचीच चालते." साफ खोटं. लाज वाटते सांगायला, पण सांगतो.

ताई तेव्हा माझ्या टेबलाशी उभ्या होत्या. अर्ज उचलून त्यांनी सावकाश वाचला.

"इथं त कर्मचारी लिहेल हाय, बबनराव. मंग मी कोन व्हय?"

त्यांनी पोरांना बसवून सगळं विचारून घेतलं. राजदीप बोलला ते त्यांनी मान हलवत ऐकलं. मग दीपमालाला म्हणाल्या, "आन तू कायले यांच्यात? तुह्यं काय हाय?"

"माझं तसं काही नाही, ताई. मी राजदीपसोबत आहे. आमच्यासारख्यांना अलाय म्हणतात."

"अलाय म्हंजे पाठराखीनच ना," ताई म्हणाल्या. "नवरी पयल्यांदा सासरी जाते त माहेरची एक बाई संगं धाडतेत. लग्न काही तिचं नसते. पन परक्या घरी पोरीले धाक वाटू नये म्हनून ती जाते, दोन दिवस राह्यते. मी सात जनींच्या संगं गेलती."

आणि पेन घेऊन सही केली. पुढे हुद्द्याच्या रकान्यात लिहिलं, पाठराखीण. मी भडकलोच. "अहो, परिचर लिहा, परिचर. सरकारी कागद आहे हा."

"परिचर लॅबमंदी. इथं हेच."

प्राचार्यांनी तो शब्द दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, आणि सही करून दिली. खोली म्हणून लॅबच मिळाली.

पहिल्या शनिवारी तीन वाजता बघतो तर वरच्या मजल्यावर लॅबच्या व्हरांड्यात दोन्ही भिंतींना पंधरा-वीस पोट्टे टेकून उभे, हातात मोबाईल. आत कोण कोण जातं ते बघायला आले होते. आज जो दारातून आत जाईल, उद्या त्याच्या नावाचा गावभर बोभाटा. आत राजदीप आणि दीपमाला दोघंच. राजदीपच्या पाठीवर बॅग. कोणी आलंच नाही तर चारच्या गाडीनं गावी निघायचं, पुन्हा यायचं नाही, असं तो ताईंना सांगून बसला होता. आणि माझ्या खिडकीतून मला दिसत होतं की पाच-सहा जण बाहेर लिंबाखाली घुटमळतायत. वर बघायचे, परत खाली बघायचे. दोघं तर फाटकाकडे वळलेही.

ताई जिना उतरून आल्या. त्या दोघांना परत बोलावलं. कोणाला काही विचारलं नाही. झाडलोट करणाऱ्या कांताबाईंना हाक मारली, कॅन्टीनच्या दोघी बाया आणल्या, लायब्ररीतल्या शिपायाला उठवलं. आणि माझ्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, "बबनराव, या. तुमचंबी काम हाय."

एका पहिल्या वर्षाच्या पोरीचा हात त्यांनी माझ्या हातात दिला. घामानं ओला झालेला हात. मी तिला नाव विचारलं नाही.

जोडीजोडीनं आम्ही व्हरांड्यात शिरलो. त्यात नवरी कोण आणि पाठराखीण कोण, कोणाच्या बापाला कळायला मार्ग नव्हता. पोट्टे मोबाईल धरून नुसते उभे. एक जण कुजबुजला, "बडे बाबूबी तसलेच का रे?" आणि सगळे फिदीफिदी हसले. माझे कान तापले. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात माझ्याकडे कोणी असं बघितलं नव्हतं. तीस पावलांचा व्हरांडा, पण संपता संपेना. राजदीप होस्टेलात पाण्याची बाटली भरायलाही रोज हेच पार करून जात होता. मला त्या पोट्ट्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

आत ताई स्टूल ओढत होत्या, पंखा लावत होत्या, जशी एखादी रोजची प्रॅक्टिकलची बॅच. मी त्या बाईकडे बघतच राहिलो. आमच्या कॉलेजात इतकी डोकी, इतक्या पदव्या, आणि हे सुचलं तर हिला. छाती भरून आली माझी, खोटं कायले सांगू.

राजदीप दाराकडे बघत होता. माणसं येतच होती. मी सोबत आणलेली पोरगी हळूच त्याच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसली आणि म्हणाली, "मी पण."

एवढंच.

चार वाजून गेल्यावर ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. "राजदीप, तुही गाडी गेली बाप्पा."

"जाऊ द्या, ताई," तो म्हणाला, आणि पाठीवरची बॅग काढून स्टुलाखाली ठेवली.